‘बंटिंग’ : पाखरू, कापड आणि पताका

इंग्रजी भाषेतील ‘बंटिंग’ या एका शब्दाला दोन अगदी भिन्न अर्थ आहेत. एका अर्थी ते धान्याच्या शेतात थव्याने उतरणारे एक लहान गाणारे पाखरू आहे. दुसऱ्या अर्थी ते निशाणासाठी विणलेले विरळ व हलके कापड आहे. या कापडाच्या अर्थावरून पुढे उत्सवप्रसंगी दोरीला ओवून टांगलेल्या लहान लहान पताकांच्या माळेलाही तेच नाव पडले. एकाच ध्वनीने पाखरू, कापड आणि सजावट अशा तीन वस्तूंचा बोध व्हावा, ही गोष्ट भाषांतरकाराच्या दृष्टीने जितकी अडचणीची, तितकीच शब्दांच्या अभ्यासकाच्या दृष्टीने उद्बोधक आहे. या शब्दाचे मराठी प्रतिशब्द कोणते, ते कोठे जुळतात आणि कोठे जुळत नाहीत, याचा विचार आम्ही येथे करणार आहोत. आणि तो करताना उत्तर कन्नड जिल्ह्यातील उळवी या क्षेत्राच्या वाटेचा आधार घेणार आहोत. ही निवड आम्ही का केली, हे पुढे ओघाने स्पष्ट होईलच.

प्रथम इंग्रजी शब्दाचेच कुळ पाहू. पाखराच्या अर्थी हा शब्द जुना आहे. इ. स. १३०० च्या सुमारास तो मध्ययुगीन इंग्रजीत आढळतो. त्याची व्युत्पत्ती निश्चित झालेली नाही. तथापि स्कॉटलंडच्या बोलीत ठेंगण्या व भरदार अंगाच्या प्राण्याला किंवा माणसाला लावण्यात येणारे जे विशेषण आहे, त्याच्याशी काही पंडित त्याचा संबंध जोडतात. इंग्रजी अंगाईगीतात लहान मुलाला लाडाने ‘बंटिंग’ म्हटले जाते, तेही याच अर्थाने. आपल्याकडे आई ‘गुटगुटीत’ म्हणते, त्याच जातीचे हे विशेषण होय. पाखराच्या आखूड, जाड चोचीकडे आणि गोलसर अंगाकडे पाहिले असता हे नाव त्याला शोभते, एवढे खरे.

कापडाच्या अर्थी हा शब्द पुष्कळच उशिरा, म्हणजे अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात, लेखनात येतो. याचेही मूळ वादग्रस्त आहे. अधिक ग्राह्य मानले गेलेले मत असे की, जुन्या इंग्रजीत पीठ चाळणे या अर्थाचा जो धातू होता, त्यावरून चाळण्याच्या कापडाला हे नाव पडले आणि त्याच विणीचे कापड निशाणांना वापरले जाऊ लागल्यावर नाव तेथे स्थिरावले. या मताला फ्रेंच भाषेचा चांगला दुजोरा मिळतो. त्या भाषेत ‘एतामिन’ हा एकच शब्द चाळणीच्या विरळ कापडालाही लागतो आणि निशाणाच्या कापडालाही. दोन्ही ठिकाणी गरज एकच आहे. चाळणीच्या कापडातून पीठ गेले पाहिजे आणि निशाणाच्या कापडातून वारा गेला पाहिजे. घट्ट विणीचे कापड वाऱ्याच्या झोताने फाटते, पावसाने जड होऊन काठीला चिकटते. विरळ विणीचे कापड मंद वाऱ्यावरही उठते आणि लवकर वाळते. इंग्लंडात हे कापड दीर्घकाळ पिळदार लोकरी सुताचे विणले जात असे आणि जहाजांवरील निशाणांना मुख्यत्वे त्याचाच उपयोग होई.

चाळणे आणि कापड यांचा हा संबंध मराठी वाचकाला परका वाटण्याचे कारण नाही. वैद्याच्या घरी औषधाची पूड ‘वस्त्रगाळ’ करतात. वस्त्र हे केवळ अंग झाकण्याचे साधन नव्हे, ते गाळण्याचे आणि चाळण्याचेही साधन आहे, ही जाणीव या एका सामासिक शब्दात साठवलेली आहे. म्हणून ‘बंटिंग’चा हा अर्थ समजावून सांगताना शिक्षकाने ‘वस्त्रगाळ’पासून आरंभ केला, तर विद्यार्थ्याला तो चटकन उमगेल.

तात्पर्य, इंग्रजीतील पाखरू आणि कापड यांचे शब्द उच्चाराने एक असले तरी कुळाने एक आहेत असे दाखवता येत नाही. दोन निराळ्या वाटांनी आलेले दोन प्रवासी एका धर्मशाळेत उतरावेत, तसे ते कोशाच्या एका पृष्ठावर शेजारी बसले आहेत. आपल्याकडे ‘चिमणी’ या शब्दाची स्थिती नेमकी अशीच आहे. घराच्या वळचणीला राहणारी चिमणी ही आपल्या भाषेतील जुनी रहिवासी. रॉकेलच्या दिव्याची किंवा गिरणीची चिमणी ही इंग्रजीतून आलेली पाहुणी. दोघींचे रूप एक झाले, म्हणून कोणी गिरणीच्या धुरांड्याची व्युत्पत्ती पाखरापासून लावू लागला तर ते जसे हास्यास्पद ठरेल, तसेच निशाणाच्या कापडाला पाखराचा वंशज मानणेही ठरेल.

मात्र सर्वच जुळे शब्द असे योगायोगाने जुळलेले नसतात. इंग्रजीत ‘काइट’ म्हणजे घार आणि ‘काइट’ म्हणजे कागदी पतंग. येथे खेळण्याला पाखराचे नाव जाणूनबुजून दिलेले आहे, कारण दोन्हीही वाऱ्यावर तरंगत राहतात. मराठीत ‘पारवा’ हे पाखराचे नाव रंगाला मिळाले, तेही असेच. यावरून शब्दांच्या द्वयर्थाचे दोन प्रकार मानावे लागतात : एक, अर्थाच्या साम्याने एका शब्दाचा विस्तार होतो तो, आणि दुसरा, भिन्न शब्द उच्चाराने एकरूप होतात तो. कोशकाराने पहिल्याला एका नोंदीत आणि दुसऱ्याला दोन स्वतंत्र नोंदींत स्थान द्यावे, हा संकेत यातूनच निघतो.

याखेरीज एक तिसरा प्रकारही आहे, आणि तो आपल्या भाषांच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. इंग्रजीत पाखरू आणि निशाण यांचे नाते केवळ उच्चाराचे आहे; संस्कृतात ते धातूचे आहे. ‘पत्’ या धातूचा अर्थ उडणे व पडणे. त्यापासून ‘पतग’, ‘पतंग’ व ‘पतत्री’ हे पक्ष्याचे पर्याय झाले. ‘पतत्र’ म्हणजे पंख झाला. ‘पत्र’ म्हणजे पान आणि पीस, हेही त्याच घरातले. आणि वाऱ्यावर फडफडते ती ‘पताका’, हाही शब्द याच धातूपासून सिद्ध करतात. ‘पतंग’ हा शब्द तर मराठीत कागदी पतंगालाही लागतो आणि दिव्यावर झेप घेणाऱ्या किड्यालाही. म्हणजे जे ऐक्य इंग्रजीला योगायोगाने लाभले आणि ज्याचा अर्थ लावण्याची धडपड तेथील पंडित करीत असतात, ते आपल्या पूर्वजांनी धातूच्या रूपाने आधीच पाहून ठेवले होते. पाखराचे पंख आणि पताकेचा पदर यांची हालचाल एकच आहे, या निरीक्षणावर हे शब्द उभे आहेत.

आता मराठीतील निशाणवाचक शब्दांकडे वळू. या बाबतीत आपली भाषा गरीब नाही. ध्वज, पताका, केतू हे संस्कृतातून आले. ‘निशाण’ फारसीतून आले. ‘झेंडा’ हिंदीच्या आणि आपल्या समाईक व्यवहारात रुळला. ‘बावटा’ हा लोकांच्या तोंडी बसला. ‘जरीपटका’ मराठ्यांच्या सैन्याच्या इतिहासात अमर झाला. सैन्याच्या निशाणाला ‘ढाल’ असेही म्हणत, हे बखरींच्या वाचकांस ठाऊक आहेच. परंतु हे सर्व शब्द एकमेकांचे निव्वळ पर्याय आहेत, असे समजणे चुकीचे होईल. ‘ध्वज’ या शब्दात काठीला आणि तिच्यावरील चिन्हाला प्राधान्य आहे. ‘पताका’ या शब्दात कापडाला. सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेत संक्रांतीच्या सुमारास जे सात नंदीध्वज मिरवतात, त्यांत पाहण्यासारखी असते ती उंच काठी आणि ती तोलून धरणाऱ्याचे कसब. जोतिबाच्या सासनकाठीचेही तसेच. उलट पंढरीच्या वाटेवर दिंडीपुढे चालतात त्या पताका; तेथे काठी हे केवळ आलंबन असून डोळ्यांत भरते ते भगवे वस्त्र. गरुडाचे चित्र असलेले ‘गरुडटके’ हे त्यांचेच भावंड. आणि गुढी? तिच्यात काठी, वस्त्र, गडू आणि डहाळी या सर्वांना सारखाच मान आहे.

हा भेद ध्यानी घेतला म्हणजे ‘बंटिंग’ या शब्दाच्या सजावटीच्या अर्थाला मराठीत ‘पताका’ किंवा ‘पताकांची माळ’ हाच शब्द नेमका का बसतो, हे कळते. गणेशोत्सवात मंडपावर, शाळेच्या स्नेहसंमेलनात व्यासपीठावर किंवा लग्नाच्या मांडवात ज्या रंगीत कागदी त्रिकोणांच्या माळा लागतात, त्यांना घरोघरी पताकाच म्हणतात. ‘तोरण’ हा शब्द येथे वापरण्याचा मोह होतो, पण तोरणाचे स्थान दारावर आहे; मूळ अर्थाने तर ते कमानीचेच नाव आहे. आंब्याची पाने आणि झेंडू दारावर बांधले तर ते तोरण. कागदी त्रिकोण रस्त्यावरून आडवे ताणले तर त्या पताका. असा सूक्ष्म विवेक लोकभाषा आपोआप करते. भाषांतरकाराने तो मोडू नये.

येथवर आल्यावर उळवीकडे वळणे प्राप्त आहे. उळवी हे गाव आज कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्याच्या जोयडा तालुक्यात आहे. हा तालुका पूर्वी सुपे या नावाने ओळखला जाई. काळी नदीवरील धरणाच्या जलाशयात सुपे गाव बुडाले आणि तालुक्याचे ठाणे जोयड्यास गेले. हा जिल्हा १८६२ मध्ये मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेबरोबर तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. कोंकणी, मराठी आणि कन्नड या तिन्ही भाषा येथील बाजारात आणि घरांत शेजारधर्माने नांदत आल्या आहेत. सीमेविषयीचा वाद सर्वांस विदित आहे. त्याचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे. शब्दांच्या अभ्यासकाला मात्र अशा प्रदेशात एक वेगळेच दृश्य दिसते. मराठीत ‘बावटा’, कोंकणीत ‘बावटो’, कन्नडात ‘बावुट’. तिन्ही भाषांत निशाणाचा लोकप्रचलित शब्द एकच आहे. ‘पताका’ आणि ‘ध्वज’ हे तर तिन्हींत आहेतच. ज्या वस्तूवरून माणसे एकमेकांपासून आपले वेगळेपण सांगतात, त्या वस्तूचे नावच मुळी त्यांनी एकमेकांशी वाटून घेतलेले असावे, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे.

उळवीची कीर्ती आहे ती चन्नबसवण्णांच्या समाधिस्थानामुळे. बाराव्या शतकात कल्याण येथे बिज्जळाच्या राज्यात महात्मा बसवेश्वरांनी जे शरणांचे आंदोलन उभारले, ते इ. स. ११६७-६८ च्या सुमारास झालेल्या उत्पातात विखुरले गेले. बसवेश्वर कूडलसंगमास गेले आणि त्यांचे भाचे चन्नबसवण्णा शरणांच्या समुदायासह पश्चिमेकडील अरण्यात, उळवीस आले, अशी परंपरा आहे. या समुदायातील आणि त्यांना वंद्य असलेल्या शरणांची नावे पाहिली, तर आपल्या विषयाशी त्यांचा निकटचा संबंध आढळेल. जेडर दासिमय्या हे विणकर. ते बसवेश्वरांच्याही पूर्वीचे. नूलिय चंदय्या हे दोर वळणारे. मडिवाळ माचिदेव हे परीट. पाठलाग करणाऱ्या सैन्याला थोपवून त्यांनी शरणांचे रक्षण केले, अशी आख्यायिका आहे. विणणारा, दोर वळणारा आणि धुणारा हे तिघे एकत्र आल्याशिवाय कोणतीही पताका आकाशात चढत नाही. पताका पाहणाऱ्याची मान उंचावते. पण ती घडवणाऱ्याची मान मागावर, चातीवर आणि धुण्याच्या दगडावर वाकलेली असते. ‘कायक’ म्हणजे अंगमेहनतीचे काम हाच कैलास, असे मानणाऱ्या शरणांनी त्या वाकलेल्या मानेला प्रतिष्ठा दिली, हे त्यांच्या कार्याचे एक मोठे मर्म आहे.

उळवीची जत्रा माघ महिन्यात भरते. रथोत्सवासाठी धारवाड व बेळगाव भागांतील शेतकरी आजही सजवलेल्या बैलगाड्या जोडून घाटातली वाट चालून येतात. ही माणसे निघतात ती काळ्या मातीच्या, रब्बी ज्वारीच्या मुलखातून, आणि पोहोचतात ती दाट अरण्यात. हे अरण्य आज काळी व्याघ्र प्रकल्पाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वनप्रदेशाचा भाग आहे. आमच्या शब्दाच्या दोन्ही अर्थांची गाठ पडते ती याच वाटेच्या पूर्वेकडील टोकाला. कारण ‘बंटिंग’ हे पाखरू अरण्याचे नव्हे, ते उघड्या शेताचे आहे. ज्या माघात गाड्या उळवीकडे निघतात, त्याच माघात ज्वारीची कणसे भरलेली असतात आणि त्यांवर या पाखरांचे थवे उतरलेले असतात.

या पाखराला मराठीत ‘भारीट’ हे नाव आहे. हिवाळ्यात दख्खनच्या पठारावर थव्याने येणारे जे दोन मुख्य प्रकार, त्यांना काळ्या डोक्याचा भारीट आणि लाल डोक्याचा भारीट असे म्हणतात. आकार चिमणीहून किंचित मोठा. नराचे पोट पिवळेधमक. काळ्या डोक्याचा भारीट आग्नेय युरोप, तुर्कस्तान व इराण या भागांत वीण करतो आणि हिवाळ्यात पश्चिम व मध्य भारतात येतो. लाल डोक्याचा मध्य आशियातून येतो. पिवळ्या थव्याने एखादे बाभळीचे झाड झाकले गेले म्हणजे ते दुरून फुललेले भासते. राखणदाराच्या गोफणीचा आवाज झाला की सारा थवा एकदम उठतो आणि पुन्हा दुसऱ्या वावरात बसतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा पाहुणा नुकसानीचाच, परंतु पक्षिनिरीक्षकाच्या दृष्टीने हिवाळ्याची ती एक शोभा होय. याच कुळातील डोक्यावर तुरा असलेला आणखी एक पक्षी आपल्याकडच्या खडकाळ, उघड्या टेकड्यांवर बारमाही राहतो. गाणारे पक्षी म्हणून या कुळाची ख्याती असली, तरी त्यांचे खरे गाणे ऐकू येते ते विणीच्या मुलखात; आपल्याकडे हिवाळी मुक्कामात ते बहुधा त्रोटक स्वरच काढतात.

या पाखराच्या नावाबाबत अन्य भाषांचा दाखला मनोरंजक आहे. हिंदीत त्याला ‘गंदम’ म्हणतात. फारसीत गंदम म्हणजे गहू. जर्मन भाषेत त्याचे नाव ‘आमर’. जर्मन शब्दपंडितांच्या मते हे नाव गव्हाच्या एका जुन्या जातीच्या नावावरून पडले. म्हणजे इराणपासून युरोपपर्यंत लोकांनी या पाखराला त्याच्या रूपावरून नव्हे, तर त्याच्या खाद्यावरून ओळखले. इंग्रजी कापडाचे नाव पीठ चाळण्यावरून आले असे मानले, तर पाखरू आणि कापड या दोघांचेही मूळ शेवटी धान्याच्या राशीपाशी येऊन थांबते. हा व्युत्पत्तीचा पुरावा नव्हे, हे आम्ही स्पष्टपणे नमूद करतो. परंतु शब्द जन्म घेतात ते शेतात, खळ्यावर आणि जात्यापाशी, राजदरबारात नव्हे, या सामान्य सत्याचा तो एक नमुना खचितच आहे.

येथे भाषांतरकाराला एक इशारा देणे अगत्याचे आहे. इंग्रज लोक अमेरिकेत गेले, तेव्हा तेथील अनेक अनोळखी पाखरांना त्यांनी मायदेशातील ओळखीची नावे देऊन टाकली. म्हणून अमेरिकेतील निळ्या किंवा बहुरंगी पाखरांनाही ‘बंटिंग’ म्हणतात. पण ती पाखरे निराळ्या कुळातील असून आपल्या भारिटाशी त्यांचा निकटचा संबंध नाही. अमेरिकन कादंबरीचा अनुवाद करताना तेथे ‘भारीट’ लिहिले, तर शास्त्रदृष्ट्या ते चुकीचे होईल. अशा ठिकाणी वर्णनात्मक नाव द्यावे किंवा मूळ नाव देवनागरीत तसेच ठेवावे, हे श्रेयस्कर.

आता कापडाच्या अर्थाकडे पुन्हा येऊ. कारण आपल्या राष्ट्रजीवनाशी त्याचाच अधिक जवळचा संबंध आहे. घटना समितीने २२ जुलै १९४७ रोजी तिरंगी राष्ट्रध्वज स्वीकारला. त्याच्या मापांचे व कापडाचे प्रमाण भारतीय मानक संस्थेने १९५१ मध्ये ठरवून दिले, आणि त्या मानकाला पहिला क्रमांक देण्यात आला. ६३०० × ४२०० मिलिमीटरांपासून १५० × १०० मिलिमीटरांपर्यंत ध्वजाची नऊ मापे आहेत. लांबी-रुंदीचे प्रमाण सर्वत्र ३ : २. या ध्वजासाठी दोन प्रकारची खादी लागते. ध्वजाचा मुख्य पट ज्या कापडाचा, त्याला इंग्रजीत ‘खादी बंटिंग’ म्हणतात. आणि काठीकडच्या बाजूला दोरी ओवण्यासाठी जो जाड नेफा शिवतात, त्याच्या कापडाला ‘खादी डक’ म्हणतात. वाचकांच्या ध्यानात आलेच असेल की, इंग्रजीत ‘डक’ हेही पाखराचे नाव आहे. त्याचा अर्थ बदक. पण येथेही पाखराचा संबंध नाही. कापडाचे ‘डक’ हे डच भाषेतील ‘डूक’, म्हणजे कापड, या शब्दापासून आले. पाखराचे ‘डक’ हे बुडी मारणे या अर्थाच्या जुन्या इंग्रजी धातूपासून. शब्दशः भाषांतर करणारा एखादा मनुष्य राष्ट्रध्वजात भारीट आणि बदक अशी दोन पाखरे शिवून टाकील! विनोद बाजूला ठेवला तरी, कोशाकडे न पाहता वस्तूकडे पाहावे, हा धडा यातून मिळतो.

हे कापड कोठे विणले जाते, याचे उत्तर आम्हांस पुन्हा उळवीच्या वाटेवर आणून सोडते. धारवाड तालुक्यातील गरग हे गाव ध्वजाच्या खादीसाठी प्रसिद्ध आहे. बागलकोट जिल्ह्यातही हे काम होते. हुबळीजवळील बेंगेरी येथे, १९५७ मध्ये स्थापन झालेल्या कर्नाटक खादी ग्रामोद्योग संयुक्त संघाच्या केंद्रात, त्या खादीला केशरी व हिरवा रंग दिला जातो, पांढरा पट्टा शुभ्र केला जातो, चोवीस आऱ्यांचे निळे चक्र दोन्ही बाजूंनी एकमेकांवर नेमके येईल असे छापले जाते, आणि मग शिलाई होऊन दोरी बसवली जाते. सूत कातणे, विणणे आणि शिवणे या कामांत स्त्रियांचा वाटा मोठा आहे. धारवाडकडून माघात ज्या गाड्या उळवीकडे निघतात, त्या अशा मुलखातून निघतात.

भारताची ध्वजसंहिता २६ जानेवारी २००२ पासून अमलात आली. तीत ध्वज हातकताईच्या व हातविणीच्या लोकरी, सुती किंवा रेशमी ‘खादी बंटिंग’चा असावा असे म्हटले होते. या दोन शब्दांचे भाषांतर कसे करावे? ‘खादीच्या पताका’ असे केले, तर वाक्य निरर्थक होते. कारण ध्वज पताकांचा बनत नाही. केवळ ‘खादीचे कापड’ असे केले, तर अर्थ लागतो, परंतु त्यातील विशेष नाहीसा होतो; धोतर, चादर आणि सतरंजी हीदेखील खादीची असतात, पण त्यांतील कोणतीही ध्वजस्तंभावर चालणार नाही. ‘बंटिंग’ म्हणजे निशाणासाठीच विणलेले कापड. त्याची वीण त्याच्या कामाने ठरलेली. म्हणून आमच्या मते येथे ‘ध्वजपट’ हा शब्द योजावा. तो संस्कृतात पूर्वीपासून आहे, उच्चारास सुलभ आहे आणि ‘चित्रपट’ या शब्दाने ‘पट’ची ओळख सर्वांस आहे. बोलीत ‘निशाणाची खादी’ म्हटले तरी चालेल; मागावरच्या माणसाला ते अधिक जवळचे वाटेल.

३० डिसेंबर २०२१ रोजी या संहितेत दुरुस्ती होऊन यंत्रावर तयार केलेल्या आणि पॉलिएस्टरच्या ध्वजांनाही मान्यता मिळाली. या बदलाने ‘बंटिंग’ या शब्दाचा इतिहास एका नव्या टप्प्यावर आला. इंग्लंडात तो लोकरीच्या कापडाला लागत होता, भारतात तो हातच्या खादीला लागला, आता तो कृत्रिम धाग्यालाही लागतो. शब्दाच्या दृष्टीने हा अर्थविस्तार आहे, आणि अशा विस्तारांनीच भाषा वाढते. दुरुस्तीच्या बाजूनेही म्हणण्यासारखे आहे : १५ ऑगस्ट २०२२ च्या सुमारास घरोघरी ध्वज लावण्याचे जे आवाहन झाले, तेवढे ध्वज हातमागावर तयार होणे शक्य नव्हते, आणि सामान्य माणसाला स्वस्त ध्वज मिळावा ही अपेक्षा रास्त आहे. परंतु शब्द विस्तारतो तेव्हा त्याचा भार कोणावर तरी पडतोच. हुबळीच्या संघाने २०२२ मध्ये या दुरुस्तीला उघड विरोध केला, तो भाषेच्या अभिमानाने नव्हे, तर चरख्यावर आणि मागावर बसणाऱ्यांच्या भाकरीच्या चिंतेने. ‘खादी’ हा शब्द ध्वजाच्या व्याख्येत अनिवार्य होता, तोवर त्या शब्दाने काही घरांच्या चुली पेटत होत्या. एखाद्या विशेषणाचे स्थान बदलले की कोणाची तरी मजुरी बदलते, ही गोष्ट शब्दांच्या अभ्यासकांनी विसरू नये.

यावरून जे निष्कर्ष निघतात, ते शिक्षक व कोशकार यांच्यापुढे आम्ही ठेवतो. ‘बंटिंग’ला इंग्रजी-मराठी कोशात दोन स्वतंत्र नोंदी असाव्यात. पाखराच्या नोंदीत ‘भारीट’ हा रूढ शब्द द्यावा. नवा संस्कृत शब्द घडवण्याचे प्रयोजन नाही, आणि अमेरिकेतील पाखरांबद्दल वर सांगितलेली सूचना तेथे जोडावी. कापडाच्या नोंदीत ‘ध्वजपट, निशाणाचे कापड’ हा पहिला अर्थ आणि ‘पताका, पताकांची माळ’ हा दुसरा अर्थ असा क्रम ठेवावा. कारण दुसरा अर्थ पहिल्यातून निघालेला आहे. वर्गात शिकवताना ‘चिमणी’चे उदाहरण योगायोगाच्या द्वयर्थासाठी, ‘पारवा’चे अर्थविस्तारासाठी आणि ‘पतंग-पताका’चे धातुसंबंधासाठी घ्यावे. तीन उदाहरणांत शब्दार्थशास्त्राचा एक सबंध पाठ सामावतो, आणि त्यासाठी मराठीबाहेर जाण्याची गरज पडत नाही.

शेवटी एका मुद्द्याकडे लक्ष वेधून हा लेख पुरा करतो. परभाषेतील शब्दाचा प्रतिशब्द शोधताना आपण बहुधा ग्रंथालयात जातो. ते आवश्यकच आहे. परंतु ‘भारीट’ हा शब्द पक्षी राखणाऱ्या आणि पक्षी पाहणाऱ्या लोकांनी जपला. ‘वस्त्रगाळ’ हा वैद्याच्या खलबत्त्यापाशी जपला गेला. ‘पताका’ वारकऱ्यांनी खांद्यावर वाहिली. ‘बावटा’ तीन भाषांच्या शेजाऱ्यांनी सामाईक ठेवला. आणि ‘नेफा’ हा शब्द शिवणाऱ्या बाईला कोणी शिकवावा लागत नाही. प्रतिशब्दांची खाण तेथे आहे. अकादमीच्या परिभाषा समित्यांनी आपली टिपणे घेऊन गरगच्या मागांवर, ज्वारीच्या वावरांत आणि माघातल्या उळवीच्या वाटेवर काही दिवस घालवले, तर त्यांच्या हाती लागणारे शब्द कोशात नुसते छापले जाणार नाहीत, लोकांच्या तोंडीही राहतील.